चाचा, कोणता पुलर लावू?

चाचा, तुम्ही गेल्यापासून लोक मला तुमच्याबद्दल विचारतात आणि मी त्यांना चाकाबद्दल सांगतो.

परवा मास्तर भेटले, तेच साप्ताहिक काढणारे. म्हणाले, "जमालभाईंवर चार ओळी लिहून दे. जन्म, मूळ गाव, स्वभाव, एवढं पुरे." मी म्हटलं, "मास्तर, त्यांच्या गाडीचं मागचं डावं चाक निघत नव्हतं." मास्तरांनी वही मिटली. मग म्हणाले, "बरं, तेच लिही." मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, मला येतं तेच लिहिणार. आणि तुमचा जन्म कधीचा हे तुम्हालाही कुठे ठाऊक होतं? विचारलं की म्हणायचात, "मरीची साथ आली होती ना, तवाचा. साथ गेली, मी राह्यलो."

म्हणून तुमच्याबद्दल लिहीत नाही, तुम्हालाच लिहितो. मला जे विचारायचं आहे त्याचं उत्तर जळगाव जामोदात तुमच्याशिवाय कोणाकडे नाही. तुमच्याकडे तरी होतं की नाही, हेच तर कळत नाही.

तुमची माझी गाठ पूर्णेच्या पाण्यात पडली. सरकी भरून नांदुऱ्याला निघालेली आमची लॉरी नदीच्या उतारात रुतली, ड्रायव्हरचं आणि मालकाचं तिथेच जुंपलं, ड्रायव्हर एका तीरावर निघून गेला, मालक दुसऱ्या, आणि मधे लॉरी आणि मी, तिचा क्लीनर. तुम्ही पलीकडे तुमची ती म्हातारी मोटार उभी केलीत आणि पायजमा गुडघ्याच्या वर खोचून पाण्यात शिरलात.

"कोन गाव बे तुहं?"

"गुहागरकडचा."

"ते कुठीसा आलं?"

"समुद्रावर."

"समुद्रावरचा मानूस, आन घोट्याएवढ्या पान्याले काऊन घाबरून राह्यला?"

तीरावरची माणसं हसली. मीही हसलो. पण चाचा, मी पाण्याला घाबरलो नव्हतो. लॉरी निघाली तर जायचं कुठे, हे मला माहीत नव्हतं. मुंबईच्या ज्या गॅरेजातून आलो होतो तिथे परत घेतलं नसतं, आणि गावी रिकाम्या हातानं जायची लाज. हे मी तुम्हाला कधी बोललो नाही. तुम्ही कधी विचारलंही नाहीत. लॉरी बाहेर काढलीत, मालकाच्या हवाली केलीत, आणि मला म्हणालात, "बस मांगं. भाकर खाऊन घे, मंग जायजो जिकडं जायचं तिकडं." त्या भाकरीबरोबर चाचींनी जो ठेचा वाढला त्यानं माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. तुम्ही आत ओरडून सांगितलंत, "अवो, कोकण्या रडून राह्यला! याले भात लागते वाटते." त्या आठवड्यापासून जुम्म्याच्या दिवशी तुमच्या घरात भात शिजू लागला. तुम्हाला भात आवडत नव्हता. 'हे काय खानं हाय? गिळलं का संपलं,' म्हणत तुम्ही तो दर जुम्म्याला खाल्लात.

मी मग कुठेच गेलो नाही.

तुमच्या मोटारीबद्दल लिहायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला चाकाचं काही कळायचं नाही. पहिल्या लढाईच्याही आधी विलायतेहून आलेली गाडी. कापडी छप्पर, पितळी दिवे, बाहेरच्या अंगाला रबरी भोंगा. तुम्ही ज्यांच्याकडे नोकरीला होतात त्या शेठजींनी नवी गाडी घेतली तेव्हा ही जुनी तुम्हाला देऊन टाकली, कारण ती तुमच्याशिवाय कोणाच्या हातानं सुरूच होत नव्हती. तेव्हापासून ती लग्नांची गाडी. इकडे सोनाळ्यापर्यंत, तिकडे नांदुऱ्यापर्यंत, नवरानवरीची वरात तुमच्या गाडीतून निघाली नाही तर लग्न अर्धवट लागल्यासारखं. तुमचं आणि चाचींचं पोट त्याच गाडीवर. पुढे माझंही.

आणि त्याआधी तुम्ही दमणीवाले होतात. शेठजींची बैलांची दमणी हाकायचात. शेठजींनी मोटार आणली, बैल विकले आणि तुम्हाला मोटारीवर बसवलं. तुम्ही बसलात, पण बैल काही तुमच्या डोक्यातून गेले नाहीत. पोळ्याचा दिवस आला की गावातल्या बैलांची शिंगं रंगवायला लोक बसायचे, आणि तुम्ही जवसाच्या तेलात हिंगूळ घोटून गाडीमागे बसायचात. मागच्या दोन चाकांचे तुंबे, म्हणजे मधले गोल गड्डे, बाहेर आलेले आहेत ना, ती तुमची शिंगं. त्यांना गोल गोल लाल रंग. वर झेंडूची माळ. आमच्या कोकणात पोळ्याचं एवढं काही नसतं, मला वाटायचं इकडची रीतच असेल. मग एकदा शेजारच्या नामदेवभाऊंनी कुंपणावरून विचारलं, "जमालभाई, गाडी आनता का तोरनाखाली?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "आनली असती भाऊ, पन तुमचे बैल लाजतीन." तेव्हा मला कळलं की ही रीत इकडची नाही, तुमची एकट्याची आहे.

पूर्वी त्या तुंब्यांवर पितळी टोपणं बसवलेली असायची म्हणे. मी आलो त्याच्या आधीच कोणीतरी ती लांबवली होती. मी पाहिलेला तुंबा लाल, चकचकीत, काचेसारखा गुळगुळीत. मी तोच खरा धरला.

गेल्या लग्नसराईच्या शेवटी डावं चाक बोलू लागलं. आधी किरकिर, मग कुरकुर, मग वळणावर असा आवाज की मागे बसलेल्या नवरीनं नवऱ्याचा हात धरला. तुम्ही म्हणालात, "पाह्य, लग्न जमवलं का नाई गाडीनं?" पण घरी आल्यावर तुम्ही हसला नाहीत. आतलं बेअरिंग फुटलं होतं. नवं बेअरिंग तुम्ही नांदुऱ्याहून लगेच आणलंत, तेलाच्या फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलंत. ते बसवायचं तर चाक काढायला हवं. आणि चाक निघेना.

हे चाक आसाच्या दांड्याच्या निमुळत्या टोकावर ठोकून बसवल्यासारखं घट्ट बसतं. वरचा नट काढला तरी ते जागचं हलत नाही. हातोडा मारला तर दांडा वाकतो, नाहीतर तुंब्याला तडा जातो, आणि एवढ्या जुन्या गाडीचा दुसरा तुंबा आता जगात कुठे मिळायचा? तुंबा गेला म्हणजे गाडी गेली. मग ओढून काढायचं हत्यार लागतं, ज्याला मेकॅनिक लोक पुलर म्हणतात. तो दोन जातींचा. एक टोपणासारखा, तो तुंब्यावरच्या आट्यांवर, म्हणजे स्क्रूसारख्या खाचांवर, फिरवून बसवायचा आणि मधला बोल्ट आवळायचा. दुसरा खेकड्यासारखा, त्याचे तीन पाय चाकाच्या कडेला अडकवायचे आणि मधला बोल्ट आवळायचा. चाक अडलं त्या दिवशी मी तुम्हाला म्हणालो होतो, "चाचा, हे एवढं चाक झालं की मी गावाला जाईन म्हणतो. आई एकटी आहे. धाकट्याचंही लग्न झालं, तो मुंबईला गेला."

तुम्ही नटावर पाना लावून बसला होतात. म्हणालात, "हाव. जाय ना. चाक होऊ दे."

एवढंच म्हणालात. मी ते तेव्हा साधं ऐकलं. आता ते माझ्या डोक्यात फिरत राहतं.

आधी तुम्ही जुना उपाय करून पाहिलात. नट सैल करायचा, काढायचा नाही, आणि गाडी हळूहळू गोल फिरवायची, म्हणजे चाक आपोआप मोकळं होतं. बाजाराच्या मैदानात तुम्ही गाडी फिरवत होतात, आधी उजवीकडून, मग डावीकडून, मी मागे चाकाकडे बघत पळत होतो. बाजाराला आलेली माणसं गोळा झाली. कोणी म्हणे नवस फेडून राह्यले, कोणी म्हणे जमालभाईले घराचा रस्ता सापडत नाही. एक म्हातारी हात जोडून उभी राहिली. तुम्ही भोंगा वाजवून तिला सलाम केलात. चाक मात्र होतं तिथंच. तुम्ही खाली उतरून तुंब्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "जिद्दी हाय बे. तुह्यावानी."

मग तुम्ही म्हणालात टोपणाचा पुलर. मी नांदुऱ्याच्या दुकानदाराला सांगून मुंबईहून मागवला. आला तेव्हा आपण दोघं सणासारखे बसलो होतो. टोपण तुंब्यावर ठेवलं, फिरवलं. ते फिरतच राहिलं. धरेना. काढलं, पुसलं, परत लावलं. नुसतं फिरे.

"माप चुकलं," तुम्ही म्हणालात. "दुसरा बोलाव."

दुसरा आला. त्याचीही तीच गत, नुसता टेकायचा आणि सरकायचा. मी म्हटलं, "चाचा, ह्या तुंब्याला आटेच नाहीत. टोपणाचा पुलर ह्याचा नव्हेच. पायांचा आणतो." तुम्ही म्हणालात, "नाई." मी विचारलं का नाही. तुम्ही म्हणालात, "नाई म्हनलं ना." मी विचारलं, मग काय करायचं. तुम्ही म्हणालात, "टोपनाचाच लागते."

"पण तो बसत नाही ना!"

"बसन."

चाचा, तुम्ही ते 'बसन' असं म्हणालात, जशी काही ती ट्रेन आहे आणि उशिरा येणारच आहे.

मी चिडून खामगावच्या एका गॅरेजातून पायांचा पुलर उसना आणला. तुम्ही तो हातात घेतलात, तीनही पाय उघडून मिटून पाहिलेत आणि म्हणालात, "चांगला हाय. दुसऱ्याच्या गाडीले लाव." चाकाची ही कड पातळ आहे, ओढली तर वाकेल, तुंबा चिरेल, असं काही तुम्ही म्हणाला असतात तर मी गप्प बसलो असतो. तुम्ही कारण दिलं नाहीत. तुम्ही म्हणालात, "भाकर खाल्ली का? पोटात भाकर नसन तं हत्याराले हात लावू नको." आणि तिथे वाद संपला. म्हणजे संपला नाहीच. दर दोन-चार दिवसांनी मी तो विषय काढायचो आणि तुम्ही मला जेवायला बसवायचात. मला अजून कळत नाही, भांडणाच्या मधे माणसाला जेवायला घालणं हा कोणता प्रकार आहे. त्याच्यापुढे बोलताच येत नाही.

पोळ्याला तुम्हाला ताप होता. तरी हिंगूळ आणायला लावलंत. छाती भरलेली, खोकला थांबत नव्हता, आणि तुम्ही चटई टाकून चाकापाशी बसलात. चाची दारातून म्हणाल्या, "जी गाडी चालतच नाही तिचे शिंगं कायले रंगवता?" तुम्ही म्हणालात, "बसलेल्या बैलाचे बी रंगवा लागतात." मी वाटी धरली होती. रंगाची कड मात्र बाहेर गेली नाही.

त्यानंतर तुम्ही बाजेवरून उठला नाहीत. शेवटच्या दिवसांत एकदा तुम्ही जरा बरे होतात. मी पाय चेपत होतो. मी म्हटलं, "चाचा, दिवाळीनंतर लग्नं सुरू होतील. पायांचा लावून बघू का? एकदाच." तुम्ही डोळे मिटूनच हसलात. म्हणालात, "तुले घाई कायची बे?"

मी म्हणालो, "मला कुठे घाई आहे."

खोटं बोललो नव्हतो. पण खरंही काय ते बोललो नव्हतो. आईचा निरोप आला होता आणि मला जायचं होतं. जायचं नव्हतंही. त्या दोन्हीतलं काही मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही एक पाय बाजेखाली सोडलात, मी तो उचलून परत वर ठेवला, आणि मग आपण गाडीबद्दल काही बोललो नाही.

चाचा, तुम्ही गेलात त्या सकाळी मी काय केलं माहीत आहे? गावभर माणसं जमली, कोणी पाणी आणतंय, कोणी कबर खणायला गेलंय, आणि मी गाडीपाशी जाऊन दोन्ही जातींचे पुलर शेजारी शेजारी ठेवले, मग परत फळीवर ठेवले. नामदेवभाऊंनी माझा हात धरून मला तिथून बाहेर आणलं. त्यांना वाटलं असेल पोराचं डोकं फिरलं. फिरलंच होतं. सगळे तुम्हाला खांदा देत होते आणि मला एकच वाटत होतं की हे विचारायचं राहिलं, आता विचारायचं कोणाला.

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न व्हायच्या आतच सोनाळ्याहून एका मुलीचे मामा आले, वरातीला गाडी ठरवायला. चाचींची इद्दत चालू, म्हणजे नवरा गेल्यावर बाहेर न येण्याचे चार महिने, त्या पडद्याआडून बोलत होत्या. मामा बिचारे आधी दोन शब्द तुमच्याबद्दल बोलले, मग खाकरून म्हणाले, "गाडी चालते ना पन? का बैलजोडी संग आनू ओढाले?"

मी तोंड उघडायच्या आत आतून आवाज आला, "चालते. तुम्ही मुहूर्त सांगा."

मामा गेल्यावर मी म्हटलं, "चाची, चाक अजून निघालेलं नाही. बेअरिंग फुटलेलं आहे. मधेच रस्त्यात बसली तर?"

"मंग काढ ना."

"कशानं काढू? चाचा म्हणत होते टोपणाचा, तो बसत नाही. पायांचा बसतो, पण चाचा लावू देत नव्हते. तुंबा फुटला तर गाडी भंगारात जाईल. मग तुम्ही खाल काय?"

चाचींनी आत चूल सारखी केली. मग म्हणाल्या, "हत्यारातलं मले काय समजते बापा. तुम्ही दोघं भांडत होते, मी भाकरी करत होती. जे करायचं ते नीट कर. माह्यापाशी दुसरी गाडी नाही."

झालं. एवढं माझ्या गळ्यात घालून त्या आत गेल्या.

मी पायांचाच लावायचा ठरवला, चाचा. खरं सांगतो, तुमच्या मनाविरुद्ध ठरवला. दुसरं काही उरलंच नव्हतं. सकाळपासून तीनदा हात धुतले. पाय चाकाच्या कडेला नीट बसावेत म्हणून आधी तिथून तुंब्यापर्यंतचा रंग काढायला घेतला. रॉकेलचा बोळा फिरवला, काही होईना. जवसाचं तेल वाळलं की दगड होतं, त्यात तुमच्या इतक्या पोळ्यांचे थर एकावर एक. मग सुरीचं टोक घालून हळूच उचकटलं. एक लांबलचक साल निघाली, सापाच्या कातीसारखी. बाहेरून चकचकीत लाल. ती हातात उलटी झाली आणि मी ती उजेडात धरली. तिच्या आतल्या अंगावर बारीक बारीक रेघा होत्या. एकीशेजारी एक, तिरप्या, सारख्या अंतरावर.

आटे. तुंब्याला आटे होते. तुमच्या हिंगुळानं ते भरून गेले होते.

मी बाकीचा रंग खरवडून काढला. सुई घालून एकेक खाच मोकळी केली. रंग काढताना वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी तुमचा इतका राग येत होता की काय सांगू. मग टोपणाचा पुलर घेतला, दुसरा मागवलेला. टेकवला, फिरवला. पहिला आटा धरला. दुसरा धरला. मी मोठ्यानं म्हणालो, "बसला हो!" मागे कोणी नव्हतं.

मधला बोल्ट आवळला. थोडा. आणखी थोडा. त्याच्या पुढे हात जाईना. वाटलं, अजून एक पिळा दिला आणि तुंबा चिरला तर? वाटलं, नाही दिला तर हे असंच राहणार. तेवढ्यात आतून चाचींनी हाक मारली, जेवायला ये. मी हात धुतले आणि तसंच ताण देऊन ठेवून ओसरीवर जाऊन बसलो. दुसरा घास तोंडात होता. तेव्हा गाडीच्या शेडमधून असा आवाज आला की झाडावरचे कावळे उडाले. ठण्ण!

चाचींच्या हातातला तवा पडला. त्या पडद्यामागून म्हणाल्या, "कोन आलं?"

मी उष्ट्या हातानं धावलो. चाक दांड्यावरून मोकळं झालं होतं. तुंब्याला ओरखडा नाही. दांडा सरळ. आत बेअरिंगचा मात्र भुगा.

मी फळीवरचं नवं बेअरिंग काढलं. त्याच्यावरचं फडकं ओलं होतं, चाचा. तेल ताजं होतं. म्हणजे पोळ्याच्या आसपास कधीतरी, ताप असताना, तुम्ही उठून ते फडकं बदललं होतं. मग मला आणखीच काही कळेनासं झालं.

कारण बघा. पितळी टोपणं तुम्ही स्वतःच्या हातानं लावली-काढली असणार. ती आट्यांवरच बसत असणार. म्हणजे आटे आहेत हे तुम्हाला माहीत होतं. म्हणूनच 'टोपनाचाच लागते' असं म्हणत होतात, तेवढं मला कळतं. पण मग 'रंग खरवड' हे दोन शब्द का नाही बोललात? विसरलात? ज्यानं स्वतः दरवर्षी तो रंग लावला तो कसा विसरेल? का शिंगांचा रंग काढायला तुमचं मन होईना? का असं होतं की तुम्हाला वाटलं, चाक जितके दिवस अडेल तितके दिवस हा कोकण्या इथं राहील? मी असं लिहितोय आणि लाज वाटतेय. कोण मी, की माझ्यासाठी तुम्ही स्वतःची भाकर अडवून धराल? आणि मग ते फडकं आठवतं. ज्याला चाक निघू द्यायचं नव्हतं त्यानं बेअरिंगला तेल कशाला लावलं असतं? फिरून फिरून मी तिथंच येतो. बाजाराच्या मैदानात तुमची गाडी फिरत होती तसा.

मी चाचींना विचारलं. सरळच विचारलं, "चाचांना ठाऊक होतं का हो, रंगाखाली आटे आहेत ते?"

चाची म्हणाल्या, "त्याईले मालूम असतं तरी त्याईनं सांगतलं नसतं, आन मालूम नसतं तरी सांगतलं नसतं. एवढा जलम संग काढला, माह्या हातचं कालवन आवडते का नाई, एवढं तरी सांगतलं का मले?"

"मग कळायचं कसं?"

"खात होते ना रोज. मंग?"

मला वाटतं त्या मला काहीतरी सांगत होत्या. नक्की काय, ते मला अर्धंच समजलं.

बेअरिंग बसवलं. चाक चढवलं. नट आवळला. गाडी पूर्णेपर्यंत नेऊन आणली. आवाज नाही. सोनाळ्याची वरात वेळेवर निघाली. मीच हाकली, तुमच्याएवढी चांगली नाही. नवरदेवाच्या काकांनी दोनदा सांगितलं, जमालभाई असते तं भोंगा जोरात वाजला असता. मी म्हटलं, हो.

परत आलो तेव्हा ओसरीवर ताट वाढून ठेवलेलं होतं. मी उभाच राहिलो. वाटेत ठरवून आलो होतो, आज बोलायचंच. चाक झालं, गाडी चालली, आता थांबायला काही कारण नाही, आई वाट बघत असेल. सगळं पाठ करून आलो होतो. पण पडद्यापुढे उभा राहिलो आणि एवढंच निघालं, "चाची, चाक झालं. आता मी गावाला जाऊ का?"

आत चाची भांडी आवरत होत्या.

"मले कायले विचारतं? तू काय बांधून ठेवलेला हाय का? जायचं तं जाय."

"आणि गाडी?"

"गाडी तूच हाकलतं. दुसऱ्याच्या हातानं ते चालू होते का? घेऊन जाय संग."

"चाची, ही गाडी घाट नाही चढायची."

"मंग राहा."

चाचा, त्या हे रागानं म्हणाल्या की मायेनं, मला कळलं नाही. आवाजात दोन्ही नव्हतं. पडद्याखालून त्यांनी भाताची वाटी पुढे सरकवली. जुम्म्याचा दिवस नव्हता. तुम्ही असतात तर त्या बोलण्याचा अर्थ मी तुम्हाला विचारला असता आणि तुम्ही मला जेवायला बसायला सांगितलं असतंत. मी बसलो. जेवलो. राहतो की जातो, ते चाचींना अजून सांगितलेलं नाही, आणि त्यांनीही परत विचारलेलं नाही.